काचेला चोळायची तंबाखू

दाजींच्या शर्टाच्या खिशात तंबाखूची पुडी कायम असायची, आणि दाजींनी जन्मात कधी तंबाखू खाल्ली नाही. ती पुडी जीपच्या काचेसाठी होती. पाऊस लागला की ते गाडी कडेला घ्यायचे, ओल्या फडक्यात चिमूटभर तंबाखू धरायचे आणि पुढच्या काचेला गोल गोल चोळायचे. मग काचेवर थेंब धरत नसे. पाणी पसरून सरळ खाली जाई आणि रस्ता दिसे. त्या जीपचा वायपर नुसता नावाला होता. मागं कोंबून बसलेली माणसं घाई करायची. दाजी म्हणायचे, "थांबा की. दिसलं तर पोचाल."

तंबाखू खायची ती माझी आई. ती इनामगावाहून शिरूरला आली की ओसरीवर टेकायच्या आधी विचारायची, "जावईबापू, तुमच्या काचेचं जेवण झालं असंल तर आमच्या वाटची द्या." दाजी पुडी काढून दोन्ही हातांनी पुढं करायचे. "घ्या मामी. पण काचसुदिक एवढी खात न्हाई." जावयासमोर सासू पदर सावरून गप्प बसते, असंच मी सगळीकडं पाहिलं होतं. आमच्याकडं ही दोघं एका पुडीवरून हसायची, आणि अक्का आत भाकरी थापता थापता ऐकत असायची. अक्काचं सगळं सुख त्या हसण्यात होतं, हे मला पुढं कळलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आणि दाजी तिचे मालक. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली आणि अक्काची लहान मुलगी सांभाळायला मी त्यांच्या घरी आले. मला माणसांत बोलता येत नसे. कुणी नाव विचारलं तरी मी अक्काच्या मागं जायची. दाजींनी माझं नाव मुकाबाई ठेवलं. स्टँडवरून घरी आले की म्हणायचे, "मुकाबाई, तुमचं भाषण संपलं असंल तर च्या टाका." मी चहा टाकायची. कपबशी ठेवून वळले की मागून म्हणायचे, "भाषण चांगलं झालं." दुसऱ्या कुणी हसलं असतं तर मी रडले असते. दाजी हसले की मला आपण घरातले आहोत असं वाटायचं.

दाजी शिरूर-दौंड रस्त्यावर वडाप करायचे, म्हणजे जीपमध्ये माणसं भरून एका स्टँडवरून दुसऱ्या स्टँडवर सोडायची. दोन्हीकडच्या प्रत्येक जीपला पुढं लिंबू-मिरची असायची. दाजींच्या जीपला नव्हती. आम्ही बौद्ध. विहारात भंतेजी सांगायचे की माणसाच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं, जे होतं ते माणसाच्या करण्यानं होतं. बाकीच्यांनी ते ऐकलं आणि घरी गेले. दाजींनी ते ऐकलं आणि गाडीत नेलं.

दौंडच्या स्टँडवर सोपानराव नावाचे एक ड्रायव्हर होते. स्टँड वेगळं असलं तरी दाजींचे मैतर. एकाची गाडी बंद पडली की दुसरा तिची माणसं आपल्या गाडीत घ्यायचा. एकदा आमच्या ओसरीवर चहा पिताना ते म्हणाले, "दाजी, एक लिंबू बांधा. वरचाबी जरा ध्यान दील."

"वरचा काय ब्रेक दाबणार हाय?"

"पावसात ब्रेक दाबून तरी काय हुतंय? पावसात नशीब गाडी चालवतं. आपण नुसतं धरून बसायचं."

"कोरड्यात कुणीबी चालवतंय, सोपानराव. हात कुणाचा हाय ते पावसातच कळतं."

"एक दिवस तुमचा हात तुम्हालाच दावील नशीब."

"मग त्या दिवशी बांधीन लिंबू," दाजी म्हणाले, आणि दोघं हसले. हे भांडण त्यांचं कायमचं होतं. ते संपावं असं दोघांनाही वाटत नसावं.

आमच्याकडं पोळा भादव्यात असतो, आणि आमच्या कोरड्या मुलखात पाऊस जोर धरतो तो तेव्हाच. वडापवाल्यांकडं बैल नव्हते, म्हणून ते जीपचा पोळा करायचे. गाड्या धुवायच्या, बॉनेटवर रंगाचे ठसे मारायचे, आरशांना गोंडे बांधायचे, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. आमच्या घरी पोळा नसे, पण स्टँडवर तो सगळ्यांचा होता. दुसऱ्या दिवशी नदीकडच्या माळावर दोन स्टँडची शर्यत लागायची. प्रत्येक स्टँडची एक जीप. विहिरीपासून सुटायचं, माळाच्या टोकाला एक बाभूळ होती तिला वळसा घालायचा आणि परत विहिरीपाशी यायचं. जे स्टँड जिंकेल त्याच्या गाड्या न्हावऱ्याच्या फाट्यावर वर्षभर आधी भरायच्या. पाऊस असला तरी शर्यत व्हायची. खरं तर पाऊस नसला तर माणसं हळहळायची.

माळाची एक बाजू मुरमाची होती आणि दुसरी काळ्या मातीची. कोणाला कोणती, ते नाणं उडवून ठरायचं. काळ्या मातीत पाणी झालं की चाक जागच्या जागी फिरतं. सोपानराव म्हणायचे, "नाणं पडलं तिथंच शर्यत संपली. पुढं नुसती करमणूक." दाजी मात्र आदल्या दिवशी चपला काढून सगळी वाट अनवाणी चालून यायचे. कुठं माती बसते, कुठं दगड वर येतो, ते पायांना कळतं म्हणायचे. अक्का त्यांच्या पायांवर ऊन पाणी ओतता ओतता म्हणायची, "माणसं देवाला अनवाणी जातात, तुम्ही बाभळीला जावा."

दुसरी गोष्ट वजनाची. रिकामी जीप चिखलात मागून घसरते, म्हणून बाकीचे मागं वाळूची पोती टाकायचे. दाजी म्हणायचे, "पोतं वळणावर झुकत न्हाई. वजन जितं पायजे." हे जितं वजन म्हणजे आमचा दादा. माझा सख्खा भाऊ रमेश, अक्काच्या पाठचा. कारेगावला खोली घेऊन राहायचा आणि तिथल्या एका कंपनीत कामाला होता. अंगानं चांगला भरलेला. अक्का जेवायला वाढताना हसली की म्हणायचा, "मी माझ्यासाठी खात न्हाई, दाजींच्या गाडीसाठी खातो." शर्यतीच्या दिवशी तो जीपच्या मागच्या पायरीवर उभा राहायचा आणि वरचा पाईप धरायचा. दाजींनी एक हॉर्न दिला की उजवीकडं झुकायचं, दोन दिले की डावीकडं. ओल्या हातानं पाईप सुटू नये म्हणून दाजी त्याला काथ्या गुंडाळून ठेवायचे.

अशा दोन शर्यती दाजी जिंकले. एक काळ्या मातीकडून, एक मुरमाकडून. दाजींनी सोपानरावांना विचारलं, "आता नाणं काय म्हणतंय?" सोपानराव म्हणाले, "नाणं म्हणतंय, दाजीचं नशीब लई दांडगं." दाजींनी कपाळावर हात मारून घेतला.

तिसऱ्या वर्षी पोळ्याच्या संध्याकाळी दादा कंपनीतून आला तो सोनेरी बेगड घेऊन. बैलांच्या शिंगांना लावतात ती. त्यानं मागच्या पाईपाचा काथ्या सोडला आणि टोकापासून टोकापर्यंत बेगड गुंडाळली. दाजी बाभळीपर्यंत चालून आले होते, पाय चिखलानं भरलेले. ते बघत उभे राहिले.

"निसरडं हुईल ते," दाजी म्हणाले.

"समद्यांच्या गाड्या सजल्यात. आपलीच का सुतकात?"

"उद्या पाऊस हाय, रमेश."

"तुम्हीच म्हणता ना दाजी, समदं हातात असतं म्हणून. मग माझाबी हात बघा की एकदा."

दाजी हसले. म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी पाऊस असा होता की विहिरीपासून बाभूळ दिसत नव्हती. मी मुलीला घेऊन अक्काबरोबर ताडपत्रीखाली उभी होते. सोपानराव म्हणाले, "दाजी, आठ दिवसांनी घेऊ." दाजी आभाळाकडं बघत थांबले. तेवढ्यात दादा मागून ओरडला, "मला सुट्टी आजच्यापुरतीच हाय." माणसं हसली. नाणं उडालं, दाजींना मुरूम आला. त्यांनी काचेला तंबाखू चोळली आणि गाड्या सुटल्या.

बाभळीपाशी दोन्ही वाटा एक व्हायच्या, तिथं दाजी पुढं होते. वळण आलं, त्यांनी एक हॉर्न दिला. दादा उजवीकडं झुकला. बेगड ओली होती. त्याचे हात पाईपावरून सरकत गेले आणि तो मागच्या चिखलात पडला. मागून दौंडची जीप घेऊन सोपानराव येत होते. दाजींच्या चाकांनी उडवलेला चिखल त्यांच्या काचेवर बसला होता, त्यांना काही दिसलं नाही. विहिरीपाशी आम्हाला फक्त हॉर्न ऐकू आला. मग बराच वेळ कुठल्याच गाडीचा आवाज नाही. मग एका माणसाचा आवाज आला, तो दाजींचा होता.

त्या क्षणाबद्दल दाजी नंतर एकदाच बोलले. म्हणाले, "कुणी वरडायच्या आधीच मला कळलं. गाडी हलकी झाली."

दादा गेल्यावर जो येई तो नशीब म्हणायचा. स्टँडवरचे म्हणाले, कंपनीतले म्हणाले, आमचे भावकीतलेही म्हणाले. दुसरं म्हणणार तरी काय. सोपानराव आले ते उंबऱ्यातच बसले, आत येईनात. दाजी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "सोपानराव, तुमचा दोष न्हाई. तुम्हाला दिसत नव्हतं."

"मग नशीबच की, दाजी. दुसरं काय?"

"न्हाई. मला दिसत हुतं."

सोपानराव रडायला लागले. त्यांना बिचाऱ्यांना तो शब्द पाहिजे होता. दाजींनी त्यांचा दोष काढून घेतला, पण शब्द दिला नाही. शर्यत त्या वर्षापासून बंद झाली.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, माणसं पांगली. आई शिरूरला अक्काच्या घरी आली. दारात पुडी मागितली नाही. अक्कानं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला, तो तिनं उचलला नाही. दाजी भिंतीला टेकून बसले होते. आई म्हणाली, "जावईबापू, एकदा म्हणा, रमेशचं नशीब तेवढंच हुतं. माझ्यासमोर म्हणा. म्हंजी या घरातलं पाणी माझ्या घशाखाली उतरंल."

दाजींनी तांब्या तिच्या आणखी जवळ सरकवला.

"मला लेक एकच उरली असं नका करू. ही धाकटी लग्न हून जाईल. थोरलीकडं मला यायचं हाय. तुम्ही नुसतं म्हणा."

"मामी, तुमच्याशी मी कवा खोटं बोललो न्हाई."

"मग आज बोला."

दाजी आपल्या तळव्यांकडं बघत होते. म्हणाले, "पाईपाला काथ्या हुता, मामी. त्यो निघाला तवा मी हितंच उभा हुतो. मला म्हाईत हुतं. मी बरं म्हणलं. तिथं नशीब कुठं हुतं? तिथं मीच हुतो."

आई उठली. तांब्या तसाच भरलेला होता. अक्का तिच्या मागं रस्त्यापर्यंत गेली आणि एकटीच परत आली. त्यानंतर आईनं त्या घराची पायरी चढली नाही.

दाजींनी वडाप सोडलं. जीप घराच्या कडेला ताडपत्रीखाली उभी केली. कारेगावच्या बाजूला एका कंपनीच्या गेटवर ते वॉचमन झाले. ट्रक आला की दांडी वर करायची, गेला की खाली. सायकलवर जायचे आणि सायकलवर यायचे. पाईपावरची बेगड मात्र त्यांनी स्वतः सोलून काढली आणि काथ्या परत गुंडाळला, घट्ट, एकावर एक. आता कोण धरणार होतं तो पाईप? रविवारी ताडपत्री काढून इंजिन चालू करायचे, थोडं ऐकायचे आणि बंद करायचे. अक्कानं विचारलं, "चालवत न्हाई तर इकून तरी टाका." तर म्हणाले, "गाडीनं काय केलंय?"

अक्का फार विनवायची. मी आत असायची, सगळं ऐकू यायचं. "नुसतं तोंडानं म्हणायचं हाय. मनात काय ठेवायचं ते ठेवा. माझी आई मला मिळंल." दाजी एकदा म्हणाले, "नशीब म्हणलं की माणूस सुटतो. मी सुटलो की परत गाडीवर बसंन. मग रमेशचं काय झालं?"

माझं लग्न होऊन मी भांडगावला आले. मी आईकडं गेले की ती अक्काचं विचारायची, आणि अक्काकडं गेले की ती आईचं विचारायची. दोघींच्या गावांमध्ये एका वडापाचं अंतर. अक्का सणाला इनामगावला जायची ती एकटी, आणि दिवस मावळायच्या आत परत. आई तिला जेवू घालायची, मुलीला जवळ घ्यायची, पण जावयाचं नाव निघालं की भांडी आवरायला उठायची. इकडं दाजींच्या खिशात पुडी अजून असायची. गेटवर बसणाऱ्या माणसाला ती कशाला लागते, म्हणून मी अक्काला विचारलं. अक्का म्हणाली, "काय की बाई. वाळली की नवी आणतात. म्हणतात, मामी आल्या तर लागंल."

आई काही आली नाही. भादव्यातच ती आजारी पडली आणि शिरूरच्या दवाखान्यात तिनं प्राण सोडला. तिला इनामगावला न्यायचं होतं, आणि आदल्या दिवसापासून पाऊस थांबला नव्हता. दवाखान्यापाशी एक गाडीवाला होता. तो म्हणाला, "वाटंतल्या ओढ्यावर पाणी हाय. पूल दिसत न्हाई. मी न्हाई येणार." दुसराही तेच म्हणाला. अक्का आईच्या पायांशी बसून राहिली. मी दारात उभी होते. थोड्या वेळानं मला ओळखीचा आवाज ऐकू आला. जीप पावसातून वळून दवाखान्याच्या आवारात आली. दाजी उतरले, कुणाकडं न बघता मागची फळी खाली पाडली आणि आईला उचलायला पुढं झाले.

आई मध्ये, आणि तिच्या दोन्ही बाजूंना अक्का आणि मी. ओढ्यापाशी दाजींनी गाडी थांबवली. चपला काढल्या आणि त्या गढूळ पाण्यात उतरले. पाणी गुडघ्याला लागत होतं. पूल कुठं आहे ते पायांनी चाचपत ते पलीकडं गेले, आणि दुसऱ्या कडेनं चाचपत परत आले. मग खिशातली पुडी काढून काचेला तंबाखू चोळली. पुलाच्या पलीकडं उजवीकडं वळण होतं. त्यांनी एक हॉर्न दिला. कुणी सांगितलं नव्हतं, पण अक्का आणि मी, दोघी उजवीकडं झुकलो. माझ्या हातात वरचा पाईप होता. काथ्या खरखरीत होता. हात सुटला नाही.

घरापुढं माणसं जमली होती. सोपानरावही आले होते, आता केस पिकलेले. ते गाडीकडं आणि पावसाकडं बघून म्हणाले, "दाजी, हात तसाच हाय तुमचा." दाजी गाडीच्या मागं आले. आईच्या चेहऱ्यावर पाण्याचे थेंब उडाले होते ते त्यांनी बाहीनं टिपले. उरलेली पुडी तिच्या हाताखाली ठेवली. आणि अगदी हळू, आम्हा दोघींनाच ऐकू जाईल असं म्हणाले, "मामी, नशिबानं आलो बघा. समदं नशीबच असतं."

ओढ्याचा पूल त्यांनी पायांनी पाहिला होता, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. अक्कानंही बघितलं होतं. तिनं पदर तोंडात धरला.

त्यानंतर दाजी काही वर्षं होते. जीप भंगारात गेली, तेव्हा ते गेटवरून घरीही आले नाहीत. कुणी कशाला नशीब म्हणालं की मान हलवायचे. सोपानराव कधी आले तर जुनं भांडण उकरून बघायचे. म्हणायचे, "पावसात नशीबच चालवतं, न्हाई का दाजी?" दाजी म्हणायचे, "व्हय." सोपानराव मग चहा अर्धाच ठेवून उठायचे. अक्का मला म्हणाली, "इतकी वर्षं मी ह्या शब्दासाठी रडले. आता म्हणतात तर मला ऐकवत न्हाई."

मी शेवटची गेले तेव्हा दाजी ओसरीवर बसले होते. मला बघून नेहमीसारखं भाषणाचं काही म्हणाले नाहीत. मी आपणहून चहा टाकला. बाहेर पाऊस सुरू झाला, तसा त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडं गेला. खिशात काही नव्हतं. हात तिथंच जरा थांबला आणि परत मांडीवर आला.